प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग देता यावा म्हणून

"हा एवढा तुकडा जरा गडद करून दाखव ना."

आमच्या बैठकीत एका अनुभवी नर्सबाईंनी असं सांगितलं, तेव्हा मी माउस न्यू जर्सीच्या नकाशातल्या त्या तुकड्यावर नेला आणि क्लिक केलं. तुकडा निवडला गेला नाही. अख्खं न्यू जर्सी राज्य एका चौकटीत निवडलं गेलं, कारण स्लाइडवर होतं ते एक सलग चित्र होतं. मी म्हणाले, "नंतर दुरुस्त करून पाठवते." त्या "बरं" म्हणाल्या आणि चर्चा पुढच्या विषयाकडे गेली. त्या तुकड्याबद्दल त्यांना नेमकं काय माहीत होतं, हे मी त्या दिवशी विचारलंच नाही. घरी येताना गाडीत तेवढंच डोक्यात होतं.

आमची संस्था लहान आहे. एका व्हॅनमधून ज्येष्ठ नागरिकांची तपासणी होते: रक्तदाब, साखर, डोळे, आणि घरात साठलेल्या गोळ्यांच्या डब्यांची उजळणी. व्हॅन एक आणि राज्यातल्या काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, २१. कुठल्या वारी ती कुठे उभी करायची हे वर्षातून दोनदा ठरतं आणि त्यासाठी नकाशे करणं हे माझं काम. घरातली कर्ती व्यक्ती पासष्टीची किंवा पुढची आहे आणि दाराशी मोटार नाही, अशा घरांचं प्रमाण कुठे किती, हे त्या नकाशात दाखवायचं असतं. अमेरिकेत मोटार नसलेला म्हातारा माणूस दवाखान्यापासून किती लांब पडतो, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आधी मी काउंटीवार नकाशे करायचे. पण काउंटी फार मोठी पडते. मिडलसेक्स काउंटीत एडिसनसारखं लाखाच्या वर वस्तीचं गाव येतं आणि क्रॅनबरीच्या बाजूची शेतंही येतात. दोघांना एकच रंग दिला की त्या रंगाला काही अर्थ उरत नाही. म्हणून मी ट्रॅक्टवर आले.

ट्रॅक्ट म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याने लोकसंख्येच्या हिशेबाने पाडलेला जमिनीचा तुकडा. आदर्श वस्ती चार हजार, कमीत कमी १,२०० आणि जास्तीत जास्त ८,०००. तो काउंटीची हद्द कधी ओलांडत नाही, आणि त्याच्या सीमा शक्यतो रस्ता, नदी, रेल्वेमार्ग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून जातात. कल्पना जुनी आहे. वॉल्टर लेडलॉ यांनी ती १९०६ साली न्यूयॉर्कसाठी मांडली, १९१० च्या जनगणनेत ती आठ शहरांत वापरली गेली, आणि सबंध देश ट्रॅक्टांनी झाकला जायला २००० साल उजाडावं लागलं. २०२० च्या जनगणनेत न्यू जर्सीची लोकसंख्या सुमारे ९२ लाख ८९ हजार भरली आणि ट्रॅक्ट झाले २,१८१.

या मापाशी माझं जुनं नातं आहे, असं मला वाटतं. माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांत प्रगणक होती. नेमून दिलेल्या गटाचा नजरी नकाशा ती ओट्यावर बसून काढायची. ओढा, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, मग पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. संध्याकाळी शेजारची कुणी बाई डोकावून म्हणायची, "अहो बाई, गिरणीमागं धाकट्यानं वेगळी चूल मांडलीय की, ते राहिलं." आई खोडरबर घ्यायची, पुसायची आणि नवा चौकोन काढायची. तिचा नकाशा गावाने बघावा आणि दुरुस्त करावा असाच केलेला असायचा. मी सॉफ्टवेअर वापरून केलेल्या नकाशाला मात्र खोडरबर चालत नव्हतं. त्या बैठकीनंतर मी ठरवलं की पुढच्या वेळी प्रत्येक ट्रॅक्ट स्लाइडवर सुटा हवा, क्लिक केला की निवडला जाणारा आणि बैठकीतल्या कुणालाही रंगवता येणारा.

पहिल्यांदा वाटलं, असा नकाशा कुणीतरी करून ठेवलाच असेल. काउंट्यांचे असे नकाशे ढीगभर मिळतात. ट्रॅक्टचा एक विकतचा नमुना पाहिला, तर तो २०१० च्या सीमांवर बेतलेला होता आणि तुकड्यांना क्रमांक नव्हते. मग स्वतःच करायला घेतला.

सीमांच्या फायली जनगणना खात्याकडून फुकट मिळतात आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. मी टायगर नावाची मूळ फाइल उतरवली. उघडून बघते तर न्यू जर्सी ओळखू येईना. राज्य एकदम फुगलेलं, दक्षिणेचं केप मेचं टोक गायब, बार्नेगटची खाडी गायब. कारण साधं होतं. त्या फायलीत कायद्याने राज्याच्या हद्दीत येणारं पाणीही धरलेलं असतं, अटलांटिकमध्ये तीन सागरी मैलांपर्यंत आणि डेलावेअरच्या उपसागरातही बऱ्याच आतपर्यंत. ९९०० क्रमांकाचे ट्रॅक्ट तर निव्वळ पाण्याचेच असतात. सभेत दाखवायच्या नकाशासाठी खात्याची दुसरी फाइल असते. ती किनाऱ्यावर कापलेली आणि १:५,००,००० या प्रमाणाला साधी केलेली असते. ती घेतल्यावर राज्याला त्याचा खरा किनारा परत मिळाला. गावाचं, किनाऱ्याचं रूप ओळखीचं नसेल तर माणसं नकाशात स्वतःला शोधत नाहीत, म्हणून हे किरकोळ नाही.

दुसरी अडचण आकाराची. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की राज्य बसकं, आडवं दिसायचं. फायलीत अक्षांश-रेखांश असतात. ४० अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशाच्या जेमतेम तीन-चतुर्थांश भरतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच मापले की नकाशा रुंदावतो. न्यू जर्सीसाठी ठरवून दिलेलं राज्याचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट पानावर उतरवण्याची पद्धत) निवडल्यावर राज्य पुन्हा उभं झालं, सुमारे १७० मैल लांब आणि रुंदीला ७०. आडव्या स्लाइडवर ते एका बाजूला सडपातळ उभं राहतं आणि उजवीकडे भरपूर जागा उरते. त्या जागेचा पुढे फार उपयोग झाला.

यानंतरचे चार दिवस सीमांचे बिंदू कमी करण्यात गेले. हा भाग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण इथे बहुतेक जण अडकतात. प्रत्येक ट्रॅक्टची सीमा शेकडो बिंदूंची असते. दोन हजारांवर ट्रॅक्ट तसेच पॉवरपॉइंटमध्ये टाकले तर स्लाइड उघडायलाच वेळ लागतो आणि प्रत्येक क्लिकला पडदा गोठतो. म्हणून बिंदू कमी करायचे. मी क्यूजीआयएसची साधी सोय वापरली आणि नकाशाभर पांढऱ्या भेगा पडल्या. ती सोय एकेक तुकडा सुटा घेऊन साधा करते. दोन शेतांमधला बांध एकच असतो. दोन्ही मालकांनी तो आपापल्या बाजूने वेगवेगळा आखला तर मध्ये कुणाचीच नसलेली पट्टी राहते, नाहीतर एकाची जमीन दुसऱ्याच्या अंगावर येते. नकाशात नेमकं तेच झालं होतं. मॅपशेपर नावाचं साधन हा बांध एकच मानतं. सामाईक सीमा एकदाच साधी करतं आणि दोन्ही तुकड्यांना तीच लावतं. मी १० टक्के बिंदू ठेवले, लहान तुकडे नाहीसे होऊ देऊ नकोस ही खूण केली, आणि एकही भेग न पडता नकाशा हलका झाला. ती खूण विसरले असते तर हडसन काउंटीतले काही ट्रॅक्ट पुसले गेले असते. म्हणजे जिथे सगळ्यात दाट वस्ती, तिथलीच माणसं नकाशावरून गेली असती.

मग नकाशा एसव्हीजी स्वरूपात (यात चित्र सुट्या रेषा आणि आकार म्हणून साठवतात) काढून पॉवरपॉइंटमध्ये आणला आणि त्याचे आकारांत रूपांतर केलं. गट सोडवला. एका तुकड्यावर क्लिक केलं आणि तेवढाच निवडला गेला! रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी घरातल्यांना उठवून दाखवलं.

पण सकाळी लक्षात आलं की काम अर्धंच झालंय. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी दाखवणारा कप्पा असतो. तो उघडला तर खाली खाली जाणारी रांग होती: फ्रीफॉर्म ८१२, फ्रीफॉर्म ८१३, फ्रीफॉर्म ८१४. हा तुकडा कुठल्या काउंटीतला, कुठला ट्रॅक्ट, काहीच कळत नव्हतं. एखादा रंगवता येत होता, पण आकडेवारी बदलली की दोन हजारांवर तुकडे डोळ्यांनी जुळवून हाताने रंगवावे लागणार होते. क्रमांक नसलेला तुकडा म्हणजे पाटी नसलेलं घर. पत्र कितीही नीट लिहिलं तरी ते पोचणार कुठे?

प्रत्येक ट्रॅक्टला ११ अंकी ओळखक्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, न्यू जर्सीचे ३४. पुढचे तीन काउंटीचे, मिडलसेक्सचे ०२३. उरलेले सहा ट्रॅक्टचे, त्यातले शेवटचे दोन सहसा ट्रॅक्टचे भाग पडले की कामाला येतात. हा क्रमांक प्रत्येक आकाराचं नाव म्हणून स्लाइडवर यायला हवा होता. त्यासाठी मी पायथन या संगणकाच्या भाषेत छोटी आज्ञावली लिहिली. पायथन-पीपीटीएक्स या संग्रहात बिंदू जोडत जाऊन मुक्त आकार बांधण्याची सोय आहे. सीमेचे बिंदू घ्यायचे, इंचाच्या ९,१४,४००व्या भागात मोजणाऱ्या त्याच्या मापात बसवायचे, आकार बांधायचा आणि लगेच त्याला नाव द्यायचं. पहिल्याच वेळी राज्य उलटं आलं, केप मे वर आणि उत्तरेची ससेक्स काउंटी खाली. नकाशात उत्तरेकडे जाताना आकडा वाढतो, स्लाइडवर खाली येताना वाढतो. एक वजा चिन्ह घातल्यावर ते सुधारलं. बेटांचे ट्रॅक्ट अनेक सुट्या भागांचे असतात. ते वेगवेगळे आकार न करता एकाच आकारात बसवणं जास्त वेळखाऊ निघालं, पण ते करावंच लागतं. नाहीतर ट्रॅक्टचा एक भाग रंगतो आणि पाण्यापलीकडचा पांढराच राहतो.

रंगांच्या बाबतीत एक युक्ती मला फार उपयोगी पडली. प्रत्येक तुकड्याला ठरावीक रंग देण्याऐवजी मी पाच पायऱ्या केल्या आणि त्या पॉवरपॉइंटच्या थीममधल्या पाच रंगांना बांधल्या. मग थीमचे रंग बदलले की अख्खा नकाशा बदलतो. आमच्या एका सहकाऱ्याला लाल-हिरवा फरक दिसत नाही. त्याच्यासाठी निळ्याच्या पाच छटा केल्या, आणि दोन मिनिटांत सगळा नकाशा त्याला वाचता येऊ लागला. काउंट्यांच्या सीमा वर जाड रेषेने घेतल्या. त्यांचं भरण, म्हणजे आतला रंग, पूर्ण काढून टाकलं, पारदर्शक ठेवलं नाही. पारदर्शक भरण असेल तर क्लिक काउंटीवर अडकतं, भरणच नसेल तर ते खालच्या ट्रॅक्टपर्यंत पोचतं. हे कळायला मला एक दुपार लागली. शेवटी सगळ्या तुकड्यांना कुलूप लावलं, म्हणजे चुकून ओढला तरी तुकडा जागचा हलत नाही, पण रंग बदलता येतो.

आता आकडे. मोटारींचा तक्ता जनगणनेत येत नाही. तो येतो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या चालू पाहणीत, आणि ट्रॅक्टच्या पातळीवर फक्त पाच वर्षांच्या एकत्रित अंदाजांत. बी २५०४५ हा माझा तक्ता. घर मालकीचं की भाड्याचं, मोटारी किती, कर्त्या व्यक्तीचं वय काय, तिन्ही एकत्र. उतरवलेल्या फायलीत क्रमांकाच्या आधी नऊ अक्षरांचं शेपूट पुढून जोडलेलं असतं, ते कापलं. एक्सेलने ११ अंकांचा क्रमांक ३.४ आणि दहाचा दहावा घात असा करून ठेवला, तो रकाना मजकूर म्हणून पुन्हा आणला. माझी एक मैत्रीण कनेक्टिकटसाठी हेच काम करते. तिच्या राज्याचा क्रमांक ०९. एक्सेल तिचं पहिलं शून्यच खाऊन टाकतं आणि राज्यातला एकही ट्रॅक्ट जुळत नाही. शिवाय तिथे २०२२ पासूनच्या आकडेवारीत जुन्या आठ काउंट्यांऐवजी नऊ नियोजन विभाग आले, त्यामुळे मधले तीन अंकही बदलले. तिच्यापुढे माझ्या अडचणी सोप्या होत्या.

तरी जोडणी केल्यावर नकाशावर कितीतरी करडे, रिकामे तुकडे राहिले. तासभर आज्ञावलीतली चूक शोधली. चूक तिथे नव्हती. मी आमच्या जुन्या फोल्डरमधली २०१५ ते २०१९ ची फाइल घेतली होती. तिचे ट्रॅक्ट २०१० च्या सीमांचे. २०१६ ते २०२० च्या संचापासून नव्या सीमा लागू झाल्या, आणि दरम्यान वस्ती वाढलेल्या भागांत एका ट्रॅक्टचे दोन झाले. म्हणजे करडे तुकडे बहुतेक तेच होते जिथे नवी घरं उभी राहिली. २०१९ ते २०२३ चा संच घेतल्यावर ते भरले. जे थोडे रिकामे राहिले त्यांचे क्रमांक ९८ ने सुरू होत होते. विमानतळ, मोठी उद्यानं अशा जागांसाठी हे क्रमांक राखीव असतात. तिथे कुणी राहत नाही किंवा अगदी थोडे राहतात. ते मी मुद्दाम करडेच ठेवले.

या पाहणीतल्या प्रत्येक अंदाजाशेजारी चुकीची मर्यादा (खरा आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते) छापलेली असते, आणि ती न दाखवता नकाशा करणं मला पटत नाही. समजा, एका ट्रॅक्टमध्ये मोटार नसलेली ज्येष्ठांची ४० घरं असा अंदाज आहे आणि मर्यादा ४५ ची आहे. मग तिथे एकही नसेल किंवा ८० च्या वर असतील. अशा तुकड्याला ठाम गडद रंग देणं म्हणजे माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगणं. अशा ट्रॅक्टांवर मी तिरप्या रेघा घातल्या. सभेत त्यावरूनच सगळ्यात जास्त प्रश्न आले आणि ते योग्यच होते.

उजवीकडची मोकळी जागा मी हडसन काउंटीला दिली. ट्रॅक्टची मर्यादा माणसांची, जमिनीची नाही. त्यामुळे दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्सच्या जंगलात एकेक ट्रॅक्ट तालुक्याएवढा पसरतो आणि युनियन सिटी, वेस्ट न्यूयॉर्क, गुटेनबर्ग इथे तो चार-सहा गल्ल्यांचा असतो. डोळा मोठ्या तुकड्याकडे जातो, आणि तिथे झाडं जास्त, माणसं कमी. हडसनचे तेच आकार मोठे करून बाजूला ठेवले, नावंही तीच ठेवली आणि शेवटी फक्त "मोठे" असा शब्द जोडला, म्हणजे एकाचा रंग बदलला की दुसराही पॉवरपॉइंटमधल्या छोट्या आज्ञावलीने (मॅक्रोने) बदलतो.

थोडं विषय सोडून सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण इथे राहत असतील. दुभाषे कुठे लागतील हे बघायला मी घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तक्ता उघडला. राज्यासाठीच्या तपशीलवार तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली, पंजाबी, तेलुगू, तमीळ यांना स्वतःच्या ओळी आहेत. मराठी "नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा" या ओळीत आहे. ट्रॅक्टच्या तक्त्यात तर तेही राहत नाही. मराठी, गुजराती, हिंदी या सगळ्या "इतर इंडो-युरोपीय" मध्ये जातात, आणि तेलुगू, तमीळ "इतर आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील" मध्ये. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन आज्या या नकाशात दोन वेगळ्या गटांत जातात. आपल्या ज्येष्ठांना मराठीत बोलणारी परिचारिका हवी असेल, तर ते या तक्त्यातून कळणार नाही. मंडळांनी, देवळांनी, ज्येष्ठांच्या गटांनी ते सांगावं लागेल. मी एडिसनच्या दोन गटांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेल्या तुकड्यांवर छोटी खूण केली.

दुसरी बैठक झाली तेव्हा मी पहिल्यांदा त्या नर्सबाईंकडे वळले. "मागच्या वेळी तुम्ही एक तुकडा दाखवला होता, तो कुठला?" त्यांनी पडद्याशी येऊन बोट ठेवलं. तिथे ज्येष्ठांसाठीची मोठी इमारत नुकतीच भरली होती. पाच वर्षांच्या एकत्रित अंदाजात ती अजून पुरती उतरली नव्हती. मी त्यांच्यासमोर तो तुकडा गडद केला आणि खाली टिपणात इमारत कधी भरली ते लिहिलं. मग दुसऱ्या एकाने बोट दाखवलं, तिसऱ्याने दाखवलं. एका तुकड्यात वृद्धांची कायमची देखभाल करणारं केंद्र आहे, तो फिका का, असं कुणी विचारलं. अशा केंद्रात राहणारे लोक घरांच्या या तक्त्यात मोजलेच जात नाहीत. पण त्यांच्याकडे डॉक्टर येतो, म्हणून चर्चेनंतर तो फिकाच ठेवला.

सगळ्यात मोठी दुरुस्ती एका निवृत्त बसचालकाने केली. ते आमच्याकडे स्वयंसेवक आहेत. हडसन गडद, कंबरलंड काउंटीतले काही तुकडेही तेवढेच गडद, हे पाहून ते म्हणाले, "हे दोन सारखे नाहीत." जर्सी सिटीत मोटार नसली तरी पाथची रेल्वे आहे, हडसन-बर्गन लाइट रेल आहे, बस मिनिटामिनिटाला मिळते. ब्रिजटनच्या बाहेर मोटार नसली की माणूस घरातच राहतो. त्यांना कुठली बस कुठून किती वाजता सुटते आणि रविवारी कुठली सुटतच नाही, हे पाठ होतं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी आयुष्यात पॉवरपॉइंट वापरलं नव्हतं. एक क्लिक, मग रंगाची बादली, एवढंच दाखवलं. पाऊण तास ते हडसनचे तुकडे एकेक पायरी फिके करत होते आणि दक्षिणेकडचे गडद. मध्ये मध्ये थांबून सांगत होते, इथे पूल आहे, इथे बाजार आहे, इथे पायी जाता येतं. कुणीही त्यांना घाई केली नाही.

मूळ आकड्यांचा नकाशा मी वेगळ्या स्लाइडवर जसाच्या तसा ठेवला आहे. त्यांनी रंगवलेला त्याच्या शेजारी आहे, आणि प्रत्येक बदललेल्या तुकड्याच्या क्रमांकासमोर कारण लिहिलेलं आहे. आकडा कुठला आणि माणसाचं सांगणं कुठलं, हे मिसळता कामा नये.

आईला व्हिडिओ कॉलवर दोन्ही स्लाइड दाखवल्या. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अगं, त्या बसवाल्यांनी सांगितलेलं लिहून घेतलंस ना सगळं? तोंडी ठेवू नकोस. साहेब तपासायला आले की विचारतात." मी क्रमांकांची यादी तिला दाखवली. ती वाचत गेली, आणि एका ओळीशी थांबून म्हणाली, इथे तारीख राहिलीय.

ती तारीख घातली आणि फाइल कंबरलंडच्या आमच्या समन्वयकांकडे पाठवली. आठवड्याने परत आली तेव्हा ब्रिजटनच्या पश्चिमेचे दोन तुकडे त्यांनी आणखी गडद केले होते आणि एकाच्या टिपणात एका चर्चच्या पार्किंगची जागा लिहिली होती. बुधवारी सकाळी व्हॅन आता तिथे उभी असते.